गाडी वडिलांची, किल्ली मुलाची

गेल्या पंधरवड्यात फोंडा महालातील एक गृहस्थ आमच्या कार्यालयात येऊन गेले. हाती मोटारीच्या विम्याची पॉलिसी होती. त्यांच्या मुलास अठरा वर्षे पूर्ण झाली, वाहतूक खात्याची चाचणी देऊन त्याने परवाना मिळविला, आणि घरातील सात वर्षे वापरलेली गाडी घेऊन तो आता पणजीस महाविद्यालयात जाऊ लागणार आहे. मुलगा गाडी चालवणार तर पॉलिसीत काही फेरफार करावयास हवा काय, असे त्यांनी विमा एजंटास विचारले. एजंट म्हणाला, ‘‘काही नको. लायसन्स आहे ना? मग झालं.’’ गृहस्थांचे या उत्तराने समाधान झाले नाही. वृत्तपत्राचे कार्यालय म्हणजे विमा कचेरी नव्हे हे त्यांनाही ठाऊक होते. पण बारीक इंग्रजी अक्षरांत छापलेला तो मजकूर कोणाकडून तरी नीट वाचून घ्यावा, एवढीच त्यांची अपेक्षा होती. आम्ही तो वाचला. एजंट खोटे बोलला नव्हता. मात्र त्याने जे सांगितले नाही, ते त्या कुटुंबाच्या दृष्टीने कितीतरी अधिक महत्त्वाचे होते. अशीच स्थिती घरोघर असणार याविषयी आम्हांस शंका नसल्यामुळे हा विषय आज या स्तंभात घेत आहोत.

अठराव्या वर्षी हाती वाहन येणे ही गोव्यात आता चैन राहिलेली नाही. तिन्हीसांजेनंतर आतल्या गावांकडे जाणारी बस मिळणे दुरापास्त. सत्तरी, सांगे, काणकोणच्या विद्यार्थ्याने संध्याकाळचा शिकवणी वर्ग संपवून घरी कसे परतावे, याचे उत्तर कोणत्याही सरकारने दिलेले नाही. परिणामी राज्यातील नोंदणीकृत वाहनांची संख्या लोकसंख्येच्या बरोबरीला येऊन ठेपली आहे. रस्ते मात्र बहुतांशी तेच राहिले, एका बाजूस शेत आणि दुसऱ्या बाजूस चिऱ्यांची गडगी. २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षी या चिमुकल्या राज्याच्या रस्त्यांवर प्रत्येकी अडीचशेहून अधिक माणसे दगावली. सबंध देशात २०२२ साली रस्ता अपघातांत मरण पावलेल्यांची संख्या १,६८,४९१ होती, आणि त्यांतील दोन तृतीयांशांच्या आसपास माणसे अठरा ते पंचेचाळीस या वयोगटातील होती. तेव्हा मुलाच्या हाती किल्ली देणाऱ्या बापाचा जीव खालीवर होत असेल, तर त्यास कोणी भित्रा म्हणू नये.

नवी गाडी घरी आली की ती प्रथम कुलदेवतेच्या दारी नेण्याची आपली रीत आहे. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, नागेशी, कोठेही जावे, एखादी तरी हार घातलेली गाडी उभी दिसते. चाकाखाली लिंबू ठेवले जाते, नारळ फुटतो, आणि पुढे प्रत्येक दसऱ्याला झेंडूची माळ चढते. या श्रद्धेविषयी आम्हांस काही म्हणावयाचे नाही, आम्हीही तिच्यातलेच आहोत. परंतु त्याच गाडीच्या खणात ठेवलेला विम्याचा कागद वर्षभरात एकदाही उघडला जात नाही. तो पोलिसाने अडविल्यास दाखवावयाचा कागद आहे, अशीच बहुतेकांची समजूत असते. ज्यांनी तोही काढलेला नाही, त्यांची तर गोष्टच सोडा. देशातील वाहनांपैकी निम्म्याच्या आसपास, विशेषतः दुचाक्या, विम्याविना धावत असल्याचे विमा क्षेत्रातूनच वारंवार सांगण्यात आले आहे.

ब्रिटनमध्ये जाऊन स्थायिक झालेली गोमंतकीय कुटुंबे आता थोडीथोडकी नाहीत. त्यांच्या घरी मुलगा सतरा वर्षांचा झाला की विम्याचा प्रश्न आपण होऊन दारात उभा राहतो, कारण तेथे हप्ता ठरविताना गाडी कोण चालवणार, त्याचे वय काय, त्यास परवाना मिळून किती काळ लोटला, हे आधी विचारले जाते. कोवळ्या चालकाचे नाव पॉलिसीत घातले की हप्ता अशा काही पटींनी वाढतो की, कधी कधी जुन्या गाडीच्या किमतीपुढे तो जड वाटावा. वेग, गचके आणि रात्रीचा प्रवास यांची नोंद ठेवणारे यंत्र गाडीत बसवून घेण्याच्या अटीवर काही सूट मिळते. शिवाय १९९५ च्या कायद्यानुसार परवाना मिळाल्यापासून दोन वर्षांत सहा दोषगुण जमले, की परवानाच रद्द होतो. न्यूझीलंडने १९८७ साली, आणि पुढे अमेरिकेच्या राज्यांनी, नवशिक्या चालकास परवाना टप्प्याटप्प्याने देण्याची पद्धत आणली. आरंभी रात्री एकट्याने गाडी चालवावयाची नाही, समवयस्क मित्रांस बसवावयाचे नाही, अशी ती बंधने असतात. हे सर्व खर्चिक व जाचक आहे, याबद्दल तेथील आईबाप कुरकुरतात. पण त्या कुरकुरीतूनच घरात विचार होतो.

आपल्याकडे विम्याचा हप्ता मौन पाळतो. तिसऱ्या पक्षाच्या, म्हणजे लोक ज्यास ‘थर्ड पार्टी’ म्हणतात त्या विम्याचे दर शासन ठरविते, आणि ते इंजिनाच्या क्षमतेवर ठरतात. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार एक हजार ते दीड हजार सी.सी.च्या खाजगी मोटारीस वर्षाला ३,४१६ रुपये, एक हजारपर्यंतच्या मोटारीस २,०९४ रुपये, आणि आपल्या मुलामुलींच्या हाती सर्रास दिसणाऱ्या शंभर-सव्वाशे सी.सी.च्या स्कूटरला ७१४ रुपये ठरले. चालविणारा पन्नाशीचा शिक्षक असो वा काल परवाना मिळालेला विद्यार्थी, दर एकच. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचे दर २००७ पासून कंपन्यांना मोकळे करून दिलेले आहेत. तरी तेथेही बहुधा गाडीची किंमत, तिचे वय व नोंदणीचे ठिकाण यांवरच हिशेब होतो. मध्यमवर्गीय कुटुंबास हे सोयीचे आहे, आणि वयामुळे कोणास दंड बसू नये हे तत्त्व म्हणून आम्हांसही मान्य आहे. मात्र या सोयीचा एक परिणाम असा की, गाडी कोण चालवणार हा प्रश्न कोणी विचारतच नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर अपघातानंतर न्यायाधिकरणात मिळते.

सक्तीचा विमा कोणासाठी आहे, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यापासून चालत आलेले आणि १९८८ च्या कायद्यात कलम १४६ म्हणून आलेले हे बंधन रस्त्यावरील परक्या माणसाच्या रक्षणासाठी आहे. आपल्या गाडीने पादचाऱ्यास, सायकलस्वारास, दुसऱ्या गाडीतील माणसास धक्का दिला, तर त्याच्या कुटुंबाने मालकाच्या ऐपतीवर अवलंबून राहू नये, हा त्यातील उदात्त हेतू होय. मृत्यू वा शारीरिक इजा यांची भरपाई देण्याच्या जबाबदारीस या विम्यात कमाल मर्यादा नाही. मालमत्तेच्या नुकसानीस मोटारीच्या बाबतीत साडेसात लाखांची मर्यादा सर्वसाधारणपणे असते. हा कायदा उत्तम आहे. तो मोडून गाडी बाहेर काढणारास पहिल्या गुन्ह्यास दोन हजार रुपये दंड अथवा तीन महिन्यांपर्यंत कैद सांगितलेली आहे, ती आमच्या मते कमीच म्हणावी लागेल.

पण चाकामागे बसलेल्या स्वतःच्या मुलाचे काय? तो तिसरा पक्ष नव्हे. समजा, त्या फोंड्याच्या गृहस्थांचा मुलगा पावसाळ्यातील रात्री परत येताना वळणावर गाडी घसरून झाडावर आदळला. दुसरे वाहन नाही, दुसऱ्या कोणाची चूक नाही. सक्तीच्या पॉलिसीतून या मुलास, वा दैवदुर्विपाकाने त्याच्या पश्चात त्याच्या आईबापांस, काय मिळेल? काहीही नाही. कायद्याच्या भाषेत, दुसऱ्याची गाडी त्याच्या संमतीने चालविणारा माणूस मालकाच्या जागी उभा राहतो, आणि मालक स्वतःच स्वतःविरुद्ध भरपाई मागू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली निंगम्मा प्रकरणात हे स्पष्ट केले. तेथे उसनी आणलेली मोटारसायकल बैलगाडीवर आदळून चालविणारा मरण पावला होता. २०२० साली रामखिलाडी प्रकरणात तोच निर्वाळा मिळाला, आणि जुलै २०२५ मध्ये, स्वतःच्या बेफाम चालविण्याने मृत्यू पावलेल्या कर्नाटकातील एका माणसाच्या कुटुंबाची मागणी फेटाळणाऱ्या उच्च न्यायालयाच्या निकालात हस्तक्षेप करण्यास त्याच न्यायालयाने नकार दिला. निकाल कठोर वाटतात. कायद्याच्या चौकटीत ते चूक आहेत असे आम्हांस म्हणवत नाही.

यावर कोणी म्हणेल की, पॉलिसीत पंधरा लाखांचा अपघात विमा असतो ना? असतो. २०१८ साली विमा नियामक प्राधिकरणाने ही रक्कम पंधरा लाखांपर्यंत वाढविली, आणि ती वाढ स्वागतार्हच होती. पण त्या विम्याचे नाव नीट वाचावे. तो ‘मालक-चालक’ याच्यासाठी आहे; म्हणजे नोंदणी पुस्तकात ज्याचे नाव आहे, तोच गाडी चालवीत असताना आणि त्याच्यापाशी वैध परवाना असतानाच तो लागू होतो. गाडी वडिलांच्या नावावर, चालवणारा मुलगा, असे झाले की हे छत्र मिटते. म्हणजे पन्नाशीचे वडील रविवारी कुटुंबासह देवदर्शनास गाडी हळूहळू नेतात तेव्हा त्यांना पंधरा लाखांचे संरक्षण, आणि त्याच गाडीने आठवड्याचे सहा दिवस महामार्गावरून जाणाऱ्या नवशिक्या मुलास शून्य! सबंध व्यवहारातील सर्वांत मोठी जोखीम ज्या जिवाला, तोच तेवढा बाहेर. आमच्यापुढे ठेवलेल्या पॉलिसीत नेमके हेच होते.

दुचाकीच्या बाबतीत आणखी एक खोच आहे. २०१९ पासून हा मालक-चालक विमा वेगळा घेता येतो, आणि ज्याच्यापाशी तो आधीच आहे त्याने दुसऱ्या वाहनासाठी पुन्हा घेण्याची गरज नाही. वडिलांच्या नावावर मोटार आहे. मुलीसाठी स्कूटर घ्यावयास ते दुकानात जातात. विक्रेता त्यांच्या भल्यासाठीच सांगतो की, तुमचा अपघात विमा आहेच, हे पैसे वाचवा. काही शे रुपये वाचतात. स्कूटर वडिलांच्या नावावर लागते, वडील ती कधीच चालवीत नाहीत, आणि मुलीस कसलेही संरक्षण उरत नाही. मुलगी अठरा वर्षांची असेल तर स्कूटर तिच्याच नावावर नोंदवावी आणि मालक-चालक विमा तिच्या नावाने घ्यावा, एवढा साधा उपाय असताना तो सुचविणारा कोणी भेटत नाही. मुलींच्या नावावर काही करण्याचा आपला जुना संकोच येथेही आड येत असेल काय, अशी शंका आम्हांस येते, असो.

आता गाडीत मागे बसणाऱ्यांचा विचार करू. अठरा वर्षांचा मुलगा गाडी एकट्याने चालवीत नाही. परीक्षा संपली, जत्रा आली, चवथीच्या आरतीस या वाड्यावरून त्या वाड्यावर जावयाचे झाले, की पाच जणांच्या गाडीत सहा मित्र असतात. केवळ ‘थर्ड पार्टी’ पॉलिसी असलेल्या गाडीत हे मित्र कोण? न्यायालयांनी गेली अनेक वर्षे असे मानले आहे की, खाजगी वाहनातून फुकट प्रवास करणारा, वा स्कूटरवर मागे बसणारा, कायद्यापुरत्या पॉलिसीत तिसरा पक्ष ठरत नाही. मागे बसलेल्याविषयीचा सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा निकाल तसाच आहे. उलट, लोक ज्यास ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतात त्या सर्वंकष पॉलिसीत गाडीतील प्रवाशांबाबतची जबाबदारी विमा कंपनीने उचलली पाहिजे, हे २०१२ साली त्याच न्यायालयाने मान्य केले. या एका फरकावर दोन कुटुंबांचे भवितव्य अवलंबून असू शकते. शेजाऱ्याचा मुलगा आपल्या मुलाच्या गाडीत जायबंदी झाला, आणि विमा कंपनीने हात वर केले, तर भरपाईचा आदेश वडिलांच्या घरादारावर येतो. वाड्यावरचे संबंध तुटतात ते वेगळेच.

म्हणूनच गाडी जुनी झाली, आता ‘थर्ड पार्टी’ पुरे, हा जो व्यवहारी सल्ला सगळीकडे ऐकू येतो, तो नवशिक्या चालकाच्या घरी धोक्याचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. फोंड्याच्या गृहस्थांनीही सहाव्या वर्षापासून तेच केले होते. दीड-दोन लाख किमतीच्या गाडीच्या पत्र्याचा विमा कशाला, हा त्यांचा हिशेब पत्र्यापुरता बरोबर होता. सर्वंकष पॉलिसीसाठी जे काही हजार रुपये अधिक पडतात, ते पत्र्यासाठी नसून मागच्या आसनावरील माणसांसाठी आहेत असे धरावे. जेथे कौटुंबिक अंदाजपत्रक खरोखरच ताणलेले आहे, तेथे गाडीची सजावट, संगीताची यंत्रे, काळ्या काचा यांवरील खर्च आधी कापावा.

मुलाच्या स्वतःच्या जिवासाठी दोन मार्ग आहेत. सर्वंकष पॉलिसीत, थोडा अधिक हप्ता भरून, नाव घालून एखाद्या व्यक्तीचा अपघात विमा जोडून घेता येतो. एजंट हे आपणहून सांगत नाहीत, कारण त्यात त्यांना फारसे मिळत नाही. मात्र या जोडकलमातील रक्कम बहुधा तुटपुंजी असते. त्याहून चांगला मार्ग म्हणजे मुलाच्या नावाने स्वतंत्र वैयक्तिक अपघात विमा घेणे. तो कोणाचीही गाडी चालविताना, मागे बसलेला असताना, इतकेच नव्हे तर पायी चालतानाही लागू राहतो, आणि अपंगत्व आल्यास त्याचा खरा उपयोग कळतो. अगदी पहिले पाऊल म्हणून, अठरा वर्षे पूर्ण झालेल्या आणि बँकेत खाते असलेल्या प्रत्येक मुलामुलीने प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत नाव घालावे. २०२२ पासून तिचा वार्षिक हप्ता वीस रुपये ठरला, आणि अपघाती मृत्यूस दोन लाख रुपये मिळतात. वीस रुपयांत काय येते, असे म्हणणाऱ्यांनी पणजीच्या एखाद्या हॉटेलात चहाचा दर विचारून पाहावा.

गाडीच्या नुकसानीविषयी फार लिहिण्याची गरज नाही, तरी पहिल्या वर्षी मुलाच्या हातून काय घडते हे सर्वांनाच ठाऊक आहे. बंपर खरचटतो, आरसा गडगीला लागतो. बंपर प्लॅस्टिकचा, आणि साध्या पॉलिसीत प्लॅस्टिकच्या भागांची निम्मीच किंमत मिळते, शिवाय पहिले हजार रुपये मालकाने सोसावयाचे असतात, मोठ्या इंजिनाच्या गाडीस दोन हजार. घसारा न कापणारे जोडकलम नव्या गाडीस अवश्य घ्यावे. जुन्या गाडीस ते बहुधा मिळतच नाही. मात्र प्रत्येक ओरखड्यासाठी कंपनीकडे धावू नये. सलग पाच वर्षे मागणी न करणाऱ्यास स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात पन्नास टक्के सूट मिळते, आणि एका मागणीने ती पुढील नूतनीकरणास शून्यावर येते. ज्याचा हा हप्ता सुटीविना दहा हजार आहे, त्याने तीन हजारांच्या बंपरसाठी पाच हजारांची सूट गमवावी, हा कोणता हिशेब? शिवाय ही सूट गाडीची नसून मालकाची असते. गाडी मुलाच्या नावावर केली की वडिलांची सूट तिच्याबरोबर जात नाही, हे ध्यानात ठेवून मगच नावांतर करावे.

आणखी दोन गोष्टी खास आपल्या भूमीच्या. आषाढात रस्त्यावर गुडघाभर पाणी असताना अननुभवी चालक गाडी पाण्यात घालतो, ती बंद पडते, आणि घाबरून तो पुन्हा पुन्हा किल्ली फिरवतो. इंजिनात पाणी ओढले जाऊन ते निकामी होते. किल्ली फिरविल्यामुळे झालेले हे नुकसान साधी पॉलिसी भरून देत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम लागते. मुलास मात्र हे कलम दाखविण्यापेक्षा, बंद पडलेली गाडी ढकलत बाहेर काढावयास शिकविणे अधिक स्वस्त. दुसरी गोष्ट, जितके किलोमीटर तितका हप्ता, अशा योजनांना नियामकाने जुलै २०२२ मध्ये परवानगी दिली. गाडी कमी चालविणाऱ्या वडिलांना ती फायद्याची. पण मुलगा फोंड्याहून पणजीस रोज जाऊ-येऊ लागला की साठ किलोमीटर होतात, महाविद्यालयाच्या दोनशे दिवसांचे बारा हजार. पॉलिसीत निवडलेली मर्यादा सहा महिन्यांत ओलांडली जाईल आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही.

हे सर्व वैध परवाना असलेल्या मुलाविषयी झाले. परवाना नसेल तर कोणती पॉलिसी निवडावी हा प्रश्नच उद्भवत नाही. १९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगर भागात सतरा वर्षांच्या मुलाने भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला, आणि बाल न्याय मंडळाने त्यास प्रथम तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर सोडले, तेव्हा सबंध देश खवळला. त्या संतापात आपण आपल्या अंगणाकडे पाहिले काय? सोळा वर्षांच्या मुलास कायद्याने चालविता येते ती फक्त पन्नास सी.सी.पर्यंतची दुचाकी, आणि तशी पेट्रोलची स्कूटर आज दुकानात शोधून सापडणार नाही. तरी उच्च माध्यमिक विद्यालयांच्या बाहेर कोणत्याही सकाळी किती स्कूटर उभ्या असतात, हे मोजण्यास वाहतूक खात्याची गरज नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९९-अ सांगते की, अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक अथवा मालक दोषी धरला जाईल. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलास वयाची पंचवीस वर्षे होईपर्यंत परवाना नाही. विम्याचे म्हणावे तर, स्वर्णसिंग प्रकरणातील २००४ च्या निकालापासून रूढ झालेली रीत अशी की, चालकास परवाना नसला तरी कंपनीने आधी बळीच्या कुटुंबास पैसे द्यावेत आणि मग ते मालकाकडून वसूल करावेत. म्हणजे अखेर घर विकले जाते ते वडिलांचे. त्याच निकालाने शिकाऊ परवान्यासही परवाना मानले आहे. मात्र ‘एल’ची पाटी आणि शेजारी परवानाधारक, या अटी त्या परवान्याच्याच आहेत, आणि त्या धाब्यावर बसविणाऱ्याने विम्याच्या भरवशावर राहू नये.

मद्याविषयी गोव्यात बोलणे म्हणजे समुद्रास मीठ दाखविणे. पिऊन चालविणाऱ्याच्या गाडीचे नुकसान कोणतीही पॉलिसी देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिसऱ्या पक्षाच्या बाबतीतही तो बचाव कंपनीस उपलब्ध झाला आहे. खाजगी गाडी पर्यटकांस भाड्याने देण्याचा जो चोरटा धंदा किनारपट्टीवर चालतो, त्यात सुटीच्या दिवसांत महाविद्यालयीन मुलेही ओढली जातात. खाजगी वापराची पॉलिसी भाड्याच्या गाडीस लागू होत नाही, हे त्या मुलांस त्यांच्या वडिलांनी सांगितलेच पाहिजे.

आमची मागणी शासनाकडे व विमा नियामकाकडे आहे. अपघात विम्यातील ‘मालक-चालक’ हे शब्द एकेकाळी ठीक होते. गाडी मालकच चालवीत असे. आज एका घरात एक वाहन आणि ते चालविणारी तीन-चार माणसे, ही सार्वत्रिक स्थिती आहे. तेव्हा हे पंधरा लाखांचे संरक्षण मालकाच्या संमतीने गाडी चालविणाऱ्या कुटुंबातील कोणाही परवानाधारकास लागू करावे. यासाठी हप्ता काहीसा वाढला तरी लोक तो देतील, कारण कशासाठी देत आहोत हे त्यांना कळेल. सक्तीचा विमा म्हणून शासन जे घेण्यास भाग पाडते, त्यातून नेमका कोण वगळला आहे हे पॉलिसीच्या पहिल्या पानावर मराठी व कोकणीतून ठळक अक्षरांत छापणे हे तर अजिबात खर्चाचे काम नव्हे. गोव्याच्या खासदारांनी हा प्रश्न संसदेत विचारावा. राज्याच्या वाहतूक खात्यास तोवर थांबण्याचे कारण नाही. अठरा-एकोणीस वर्षांच्या उमेदवाराच्या हाती परवाना देताना वाहन कोणाच्या नावावर आहे एवढे विचारले आणि विम्याविषयी एक पानाचा कागद हाती दिला, तरी पुष्कळ काम होईल. चाचणीच्या मैदानावर आठचा आकडा काढून दाखविणे म्हणजे पावसात बोरीचा उतार उतरता येणे नव्हे, हे त्या खात्यातील अधिकाऱ्यांस आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

फोंड्याच्या त्या गृहस्थांना आम्ही जे सांगितले ते एवढेच. त्यांनी मुलाच्या नावाने स्वतंत्र अपघात विमा घेतला आणि सर्वंकष पॉलिसीसाठी कंपनीकडे लेखी अर्ज केला. जुन्या गाडीची तपासणी करून कळवू, असे तोंडी उत्तर मिळाले. उत्तर लेखी घ्यावे, आणि तक्रार करण्याची वेळ आली तर ती विमा लोकपालाकडे करता येते व त्यास शुल्क लागत नाही, हेही आम्ही त्यांना सांगून ठेवले आहे. लेखी उत्तर अद्याप आलेले नाही. तोवर त्यांचा मुलगा कदंबच्या बसने पणजीस जातो आहे.